खारट वावरातला घेवडा

नव्या सुनेनं कमी बोलावं, अशी पद्धत असते. माझा तर स्वभावच तसा. पण गप्प बसणाऱ्याकडं किस्से फार साठतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच माझ्याकडं जागा उरलेली नाही.

सगळ्याचं मूळ माझी एमएस्सी. प्रबंध अर्धा असतानाच लग्न झालं. विषय असा, की खारट जमिनीत घेवडा उगवावा म्हणून बी आधी हलक्या मिठाच्या पाण्यात भिजवायचं, कोंब फुटायच्या आत काढायचं आणि सावलीत सुकवून मग पेरायचं. पाचोडला सासऱ्यांचा एक खारट तुकडा पडीक होता, तो त्यांनी दिला. तिथं भिजवलेल्या आणि साध्या बियात फरक दिसला तर डिग्री, नाहीतर आणखी एक वर्ष संभाजीनगरला होस्टेलवर. नवं लग्न आणि होस्टेल!

*

जमीन किती खारट आहे ते बघायला मी मीटर काढला. तोवर सासऱ्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"ऱ्हाऊ दे मीटर, पोरी. तुझ्या सासूच्या आमटीपेक्षा जरा कमीच हाय."

संध्याकाळी त्यांच्या ताटात बिनमिठाची आमटी आली.

*

पहिलं बी मी ओट्यावर भिजत ठेवलं. सकाळी बघते तर सासूबाईंनी ते फडक्यात बांधलेलं.

"अर्धवटच सोडलं होतंस. म्हणलं, पोरीला मोड आणायचं म्हाईत नसंल."

उसळ छान झाली. मीठ वेगळं घालावंच लागलं नाही.

*

नवरा शेंद्र्याला कंपनीत आहे. तिथं कुणीतरी विचारलं, "वहिनी काय करतात?"

"घेवडा भिजवते."

"मग?"

"मग सुकवते."

त्या माणसानं स्वतःचा डबा पुढं सरकवला.

*

शेजारच्या आक्कांना प्रश्न पडला, खारट जमिनीसाठी पुन्हा मिठाचंच पाणी कामून?

"बियाला सासरची सवय लावती ती," सासूबाई म्हणाल्या. "नांदायला धाडायच्या आधी."

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् हिला लावली व्हती का?"

"नाय. हिला कोरडीच आणली."

*

शेवटी पेरणी झाली. एका वाफ्यात माझं बी, शेजारच्या वाफ्यात मुद्दाम साधं. माझा वाफा भरून आला, साधा जवळजवळ रिकामा. असाच फरक हवा होता. नव्या नवरीनं आखाड सासरी काढायचा नसतो, म्हणून मी निर्धास्त माहेरी गेले आणि परतले ती माझ्या गाईड सरांना घेऊनच.

दोन्ही वाफे हिरवेगार. साध्यातली रोपं जरा बुटकी, पण जागा एकही रिकामी नाही.

"फरक कुठाय?" सरांनी विचारलं. मला होस्टेलची कॉट दिसू लागली.

सासूबाई पदर सावरत पुढं आल्या. "लोक सुनंला नावं ठिवतील, म्हणून म्याच नांग्या भरल्या, सर. उगवलं नव्हतं तिथं परत बी टोकलं."

सर बांधावर बसले. "कोणतं बी, मावशी?"

"आधी घरातलं साधंच टोकलं. ते कुठं येतंय तिथं? परत टोकलं, परत गेलं. मंग हिच्या डब्यातलं भिजवून सुकवलेलं लावलं. सगळं आलं बघा."

सरांनी खिशातून पेन काढलं.

"मावशी, सावकाश सांगा. पहिल्यापासून."