दाजींच्या पडद्यावरचं झाड

माझ्या दाजींइतक्या निरागसपणे परक्याला खासगी प्रश्न विचारणारा माणूस बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात दुसरा झाला नसावा. बसमध्ये शेजारी बसलेल्याचा पगार काकती यायच्या आत त्यांना ठाऊक असे, आणि त्याचं लग्न का मोडलं ते पुढच्या थांब्याला. लोक रागावत नसत. उलट मराठीत सांगायला सुरुवात करून कन्नडमध्ये डोळे पुसत. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते प्रोग्रॅम लिहीत, तिथंही हीच खोड. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर एक खिडकी बनवली होती. कुठलाही तयार प्रोग्रॅम तिला दिला की ती त्यालाच विचारी, तुझ्यात क्लास, म्हणजे कामांचे गट, किती, कुणाच्या पोटात कोणती कामं. उत्तर झाडासारखं उभं राही. अधिकच्या खुणेवर टिचकी मारली की फांदी उघडे. याला रिफ्लेक्शन म्हणतात, हे त्यांनी मला टिळकवाडीच्या घरी भाजी निवडता निवडता समजावलं होतं.

एकदा अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, त्यांचा घरी राहिलेला डबा देऊन मला फाउंड्रीत धाडलं. दाजी घामाघूम बसले होते. प्रोग्रॅमच्या आवराआवरीत त्यांनी कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागांच्या, तपासणीचे दाखले छापणारं बटण काढून टाकलं होतं, आणि मूळ लिखाणही चुकून पुसलं होतं. उरला होता फक्त बिनबटणाचा तयार प्रोग्रॅम; छापायचं काम मात्र त्याच्या पोटात अजून होतं. त्यात त्या कामाचं नाव सापडलं, तर बाहेरून हाक मारून ते चालवता येणार होतं. दारात ट्रक भरून उभा. दाखल्याशिवाय माल हलेना. मालक दाजींना आवाज न चढवता म्हणाले, "आप्पा, पाचला गाडी सुटली न्हाय तर उद्यापासनं येऊ नका."

दाजींनी एकेक फांदी उघडली. नाव नाही. पुन्हा शेंड्यापासून. साडेचार वाजले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, हा प्रोग्रॅम सगळं खरं सांगतो का. दाजींचा हात थांबला.

"व्हय की रं. बाहेरच्याला उघडी असलेली जाहीर कामं तेवढी विचारल्यात ह्याला. आतली, खासगी म्हणून झाकलेली विचारलीच न्हाईत."

पहिल्या भेटीत पगार विचारणारा माणूस प्रोग्रॅमपुढे इतका भिडस्त निघाला. त्यांनी एक ओळ बदलली, झाड दुप्पट पसरलं, आणि एका आतल्या फांदीवर ते नाव दिसलं. पाच वाजायला काही मिनिटं असताना दाखले छापून निघाले.

ट्रक गेल्यावर त्यांनी डबा उघडला. "लई भ्यालतो रं," ते म्हणाले. "तुझ्या अक्काला सांगू नगंस."

दाजींना जाऊन आता वर्ष होईल. भेटायला येणाऱ्यांना अक्का सांगते, हा माणूस जन्मात कशाला भ्याला नाही. मी शेजारी बसून मान डोलावतो.