फोन चालू, नेट बंद

“व्हायरस लिही आणि बंद कर,” साहेब म्हणाले.

“साहेब, मी तिथं गेलोच नाही अजून.”

“मग जाऊन ये. पण तक्रार आधी बंद कर. पाचच्या आत.”

फोनखात्यात मी सव्वीस वर्षं मेकॅनिक होतो. वाघाला भ्यायलो नाही तेवढा ह्या ‘पाचच्या आत’ला भ्यायलो. ब्रॉडबँड नवं नवं आलं होतं. प्रत्येक तक्रार कॉम्प्युटरवर चढायची आणि संध्याकाळी पाचला उघडी असलेली तक्रार वरच्या ऑफिसात लाल रंगात दिसायची. लाल दिसलं की वरचे साहेब आमच्या साहेबांना झाडायचे. त्यावर आमच्या साहेबांनी जालीम उपाय शोधला होता. दुरुस्ती नंतर, तक्रार बंद आधी. कारण काय टाकायचं? ‘ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस.’ त्या एका महिन्यात आमच्या हद्दीत एवढा व्हायरस निघाला की जगात दुसरीकडे कुठे शिल्लक राहिला असेल असं वाटत नाही.

ही तक्रार होती दिंडोरीच्या अलीकडे, मळ्यात राहणाऱ्या शोभाताईंची. आठ एकर द्राक्षबाग. नवरा बाग बघायचा, कागदपत्रं आणि कॉम्प्युटर ताईंकडे. माल परदेशी जायचा. त्याची पद्धत अशी : घडांचा नमुना लॅबमध्ये जातो, औषधाचा अंश किती उरलाय त्याचा रिपोर्ट येतो. तो स्वच्छ असला की एक्स्पोर्टर सकाळी मेल टाकतो, उद्यापासून तोडणी, बारापर्यंत लेखी होकार द्या. फोनवरचा होकार तो धरत नाही. बारापर्यंत मेल गेला नाही की पाळी पुढच्या बागेची. एकदा तशी पाळी गेलीही होती. घड पिकून तयार. आणखी आठ दिवस वेलीवर राहिले तर मणी तडकणार.

आणि नेट? सकाळी आठला जे जायचं ते दुपारी एकला यायचं. दोनला परत गायब.

मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा दुपारी एकला पोचलो, कारण सकाळभर दुसऱ्या तक्रारी असायच्या. आणि खोटं कशाला बोलू, ताईंच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचा हेही एक कारण होतं. मोडेमवर डीएसएलचा दिवा असतो. तो स्थिर असला की लाइन बरोबर, लुकलुकला की काहीतरी बिघडलंय. तिन्ही वेळा दिवा ध्रुवताऱ्यासारखा स्थिर! मी भाकरी खाऊन ‘टेस्टेड ओके’ लिहून यायचो.

चौथ्या वेळी ताईंनी ताट वाढलं नाही. वही पुढे टाकली.

“भाऊ, हे वाचा. रोज कधी गेलं, कधी आलं, समदं लिव्हलंय. तुमच्या हापिसानं व्हायरस सांगितला म्हणून दोनदा कॉम्प्युटर नाशिकला नेला. दोनदा पुसून आणला. पोराचे बारशाचे फोटो गेले त्याच्यात. व्हायरस काय जेवायला सुट्टी घेतो का एक ते दोन?”

मी वही चाळली. तीत आणखी एक गोष्ट होती. बाजाराच्या दिवशी दिवसभर नेट चालू.

“बाजाराच्या दिवशी काय असतं, ताई?”

“काय असणार? बागेतल्या कामाच्या बायांना सुट्टी.”

मी वही मिटली. “उद्या सकाळी आठला येतो,” म्हणालो.

“जेवायला नका येऊ,” त्या म्हणाल्या. “कामाला या. उद्याच मेल यायचाय.”

दुसऱ्या दिवशी आठला हजर. बागेत वीस-पंचवीस बाया घडांना पेपर लावत होत्या. उन्हानं मणी गुलाबी पडू नयेत म्हणून तोडणीआधी एकेका घडाला कागद गुंडाळतात. त्यासाठी वेल ज्या तारांवर चढवलेला असतो त्या तारा खाली ओढायच्या, सोडायच्या. मी घरात मोडेमपाशी उभा. बाहेर बाया एका ओळीत शिरल्या आणि दिवा लुकलुकायला लागला. मी फोन उचलला. डायलटोन खणखणीत!

इथे जरा समजून घ्या, म्हणजे आमच्या साहेबांवर मी का चिडतो ते कळेल. फोनचा आवाज आणि इंटरनेट एकाच तांब्याच्या जोडीतून येतात. पण आवाज म्हणजे ट्रॅक्टर. कसल्याही शिवाररस्त्यानं धडधडत पोचतो. इंटरनेट म्हणजे पिकलेल्या द्राक्षांचा क्रेट. एक खड्डा लागला की मणी गळाले. त्यामुळे फोन चालू आहे म्हणजे लाइन चांगली, हे गृहीतच चूक. आमचं सगळं ऑफिस त्या गृहीतावर पगार घेत होतं.

मी बाहेर येऊन वायर धरून निघालो. खांबावरून आलेली आमची वायर सरळ बागेत घुसली होती! द्राक्षांच्या लोखंडी अँगलना सुतळीनं बांधत बांधत घरापर्यंत. तार ओढली की वायर ओढली जायची. आणि सातव्या ओळीत, बरोबर मधोमध, सांधा. नुसता पीळ मारून वर टेप. टेप कुजलेली, मोरचुदाच्या फवाऱ्यांनी तांबं पार हिरवंगार.

माझं डोकं असं फिरलं म्हणता!

“कुठल्या गाढवानं हा सांधा मारलाय?” मी ओरडलो. “ह्याला लाइनमन म्हणायचं? ह्याला बैल राखायला ठेवू नये! अशा माणसाला खात्यानं आल्या दिवशी हाकलायला पाहिजे होतं!” दिंडोरीच्या बाजारपेठेत ऐकू गेलं असेल. बायांनी हात थांबवले. ताई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मी त्या गाढवाच्या गुरूपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात टेप सोलली.

आतला पीळ दिसला.

लाइनमनचा पीळ म्हणजे त्याची सही. जवळजवळ सगळे उजव्या हातानं मारतात. हा डाव्या हाताचा होता. आमच्या सेक्शनमध्ये डावखुरा माणूस एकच, मी. मग सगळं आठवलं. फोन जोडायला आलो तेव्हा खांब आले नव्हते. वायर कमी पडली. म्हटलं, तात्पुरतं अँगलवरून नेऊ, खांब आले की बदलू. त्याला सहा वर्षं झाली होती.

“का हो भाऊ,” ताई शांतपणे म्हणाल्या, “वळखीचा निघाला का?”

मी सोललेली टेप खिशात कोंबली.

“मीच टेप कापून देत व्हते त्या दिवशी. तुम्ही आठ दिवसात येतो म्हणले व्हते.”

पंचवीस बाया अशा हसल्या की सातव्या ओळीतली पाखरं ओझरपर्यंत गेली असतील.

हसू दे, म्हटलं, घड्याळ बघ. साडेदहा झाले होते. हिरवं तांबं कापून टाकलं, आतलं लखलखीत तांबं काढलं, जेली भरलेला कनेक्टर दाबला, म्हणजे ओल आत शिरत नाही. वायर अँगलवरून सोडवून बांधावरच्या बाभळीवर घेतली.

“बायांनो, हलवा आता तारा!” मी ओरडलो.

“किती हलवू, दादा?”

“भूकंप आल्यागत!”

त्यांनी बाग गदगदा हलवली. ताई घरातून ओरडल्या, “दिवा थांबलाय! हालत नाय!” अकराला मेल आला. रिपोर्ट स्वच्छ. ताईंनी एका बोटानं होकार टाइप केला, चारदा वाचला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी तोडणी लागली.

ऑफिसात आलो. साहेबांनी विचारलं, “कारण?”

“आपला सांधा. मीच मारलेला. आणि पंचवीस साक्षीदार आहेत.”

“ग्राहकाची चूक लिही. बागेतून वायर त्यांनी नेली.”

“त्यांनी नाही, मी नेली. आणि व्हायरस म्हणून आपण दोनदा त्या बाईचा कॉम्प्युटर पुसायला लावला, तेही लिहितो.” सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज साहेबांच्या वर गेला.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला. कारणांची यादी होती, त्यातलंच एक निवडावं लागे. व्हायरस, ग्राहकाचं वायरिंग, केबलचोरी, उंदीर, हवामान. ‘खात्याची चूक’ असा पर्यायच कुणी ठेवला नव्हता.

साहेबांनी ‘हवामान’ निवडलं आणि तक्रार हिरवी झाली. त्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यात ढगाचा एक तुकडा नव्हता.

पुढच्या सोमवारी मी चार खांब भांडून घेतले आणि वायर रस्त्याकडेनं नेली. तेव्हापासून कुठल्याही रिपोर्टात ‘हवामान’ दिसलं की मी आभाळाकडे बघत नाही. तिथल्या खांबाला शेवटची शिडी आपल्यापैकी कुणी लावली होती, ते विचारतो.