दुपारनंतरची काजं

कपडे शिवायच्या त्या दुकानात दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली कापड बेतायची, मशीनवर बसायची, गिऱ्हाइकांना तोंड द्यायची. तिला सगळे ताईच म्हणत. धाकटी हातानं काजं करायची, आणि तिचं काज म्हणजे बघत राहावं असं.

वर्षभरात मात्र काहीतरी बिनसलं. सकाळी धाकटीची सुई सरसर चाले. दुपार कलली की पापण्या खाली येत, सुई बोटांतून गळे. जरा पडून उठली की पुन्हा ठीक. ताईनं सरळ अर्थ लावला, ही अंग चोरतेय. एकदा दुकान भरलेलं असताना ती बोलून गेली, "झोपाच काढायच्या असतील तर घरी जा. कामचुकार माणूस मला नको." धाकटी हसून वेळ मारून न्यायला गेली, पण चेहऱ्याला तेवढंही जमेना. ताईला वाटलं, वर तोंड वेंगाडतेय.

आठवड्यानं चहाचा घोट धाकटीच्या नाकातून बाहेर आला, तेव्हा कुठे ताई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

तपासण्या झाल्यावर बाईंनी समजावलं. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून विजेसारखा धावतो, पण तंतूचं टोक आणि स्नायू यांच्यात बारीकशी फट असते. टोकातून एक रसायन सुटतं, ते पलीकडच्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की स्नायू हलतो. मज्जापेशी आपसातही बहुतेक अशाच बोलतात. धाकटीच्या शरीरानं पलीकडच्या त्यातल्या बऱ्याच जागा नासवल्या होत्या. सकाळी रसायन भरपूर सुटतं, निभावून जातं. काम करत राहिलं की कमी पडतं आणि निरोप पोचत नाही.

"म्हणजे ती मनापासून करत होती?" ताईनं विचारलं.

"तुमच्या-माझ्यापेक्षा दुप्पट जोर लावून," बाई म्हणाल्या.

रसायन लवकर विरू न देणारी गोळी मिळाली. अर्ध्या तासात धाकटीच्या पापण्या वर आल्या. ताईला धड आनंदही होईना.

"मी तुला चारचौघांत कामचुकार म्हणाले," घरी आल्यावर ती कशीबशी बोलली.

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं गं," धाकटी म्हणाली.

ताईला वाटलं, धाकटी रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी दुकानात असलेल्या बायका आठवून आठवून ताई एकेकीच्या दारात गेली आणि चूक माझी होती म्हणून सांगून आली.

आता औषधं चालू आहेत, काजं सकाळीच उरकतात. कुणी विचारलं की ताई ती फट, ते रसायन सगळं नीट समजावते. आपण काय बोललो होतो तेही सांगते, धाकटी नको म्हणत असताना.