चंदरभाऊंचा रिलीव्हर

सातपूरच्या कारखान्यांत एक रीत आहे. ती कुठल्या भिंतीवर लिहिलेली नाही, पण मोडायची कोणाची छाती होत नाही. पुढच्या पाळीचा माणूस आपल्या जागेवर येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. त्या येणाऱ्या माणसाला म्हणतात रिलीव्हर. तो उशिरा आला तर त्याला खुशाल शिव्या घाला, त्याच्याकडून चहा उकळा, पण जागा सोडू नका. चंदरभाऊ पगारे या रितीचे इतके पक्के, की त्यांची बायको वत्सला म्हणायची, लग्नातसुद्धा हे स्टेजवरून उतरले नसते, पुढचा नवरदेव आल्याशिवाय.

चार वर्षांपूर्वी याच रितीपायी माणूस हातचा जायचा राहिला. पहिली पाळी संपत आलेली, छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं दडपण, डावा हात जड. रिलीव्हर मल्हारी आयटीआय सिग्नलजवळ गाडी पंक्चर करून बसलेला. चंदरभाऊ घामाने निथळत मशीनला टेकून उभे राहिले. मल्हारी धापा टाकत आला तेव्हा आधी त्याला म्हणाले, टूल झिजलंय, पुढच्या जॉबला बदल. आणि मग खाली बसले. दवाखान्यात काळजाच्या नळीत स्प्रिंग टाकली. डॉक्टर वत्सलाला म्हणाले की अजून थोडा वेळ उभे राहिले असते तर मला काही करता आलं नसतं. वत्सला हाडाची बडबडी, पण त्यानंतर दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. चंदरभाऊंना छातीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

बरे झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कॉलनीतल्या विहारामागच्या मैदानात चंदरभाऊ चालू लागले. चालता चालता पळू लागले. आणि पळता पळता हे असलं भलतंच खूळ डोक्यात शिरलं. त्याला कारण त्यांची लेक स्नेहल. ती पोरगी जिमला जाते, आणि चिखलातून सरपटायचं, दोरावर लोंबकळायचं, वाळूची पोती पाठीवर घेऊन टेकडी चढायची, अशा अडथळ्यांच्या शर्यतींत पैसे भरून भाग घेते. आता यात काय सुख आहे ते तिलाच ठाऊक. चंदरभाऊ एकदा नुसते बघायला गेले आणि तिथेच फसले. घरी येऊन म्हणाले, आपल्यालाही जमेल की.

वत्सलाने डोक्याला हात लावला. पण डॉक्टरांनी अंगाला वायरी लावून पट्ट्यावर पळवून पाहिलं आणि परवानगी दिली. अट एकच. नाडी एकशे चाळीसच्या वर जाऊ द्यायची नाही. गेली की जिथं असाल तिथं बसायचं. स्नेहलने छातीला बांधायचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ आणून दिलं. पट्टा ठोके मोजतो, आकडा घड्याळात दिसतो, आणि एकशे चाळीस ओलांडले की घड्याळ कोकलतं. वत्सलाने त्या कोकलण्याचा आवाज पार वरच्या टोकाला नेऊन ठेवला. शिवाय पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर नवऱ्याकडून शब्द घेतला, की घड्याळ वाजलं की बसेन. आणि तू येशील त्याच शर्यतीला जाईन.

दोन वर्षं भाऊंनी शब्द तंतोतंत पाळला. वाजलं की बसले. एकदा तर चिखलाच्या खड्ड्यात मध्यावरच मांडी घालून बसले. लोकांना वाटलं काका फोटो काढून घेतायत. वत्सला दोरीपलीकडून हात हलवायची, हे आतून हलवायचे, आकडा उतरला की उठायचे. त्यांचा नंबर कायम शेवटून पहिला. त्याचं त्यांना काही नव्हतं. आपलं काळीज आपल्याला डोळ्यांनी बघता येतं, वर गेलेलं खाली आणता येतं, याचंच त्यांना अप्रूप. मशीनवर आयुष्य घालवलेल्या माणसाला असला आकडा बरोबर कळतो.

यंदा थंडीत त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या अलीकडच्या माळावर शर्यत होती. तिघांचा संघ. चंदरभाऊ, स्नेहल आणि तिसरा मल्हारी. हो, तोच पंक्चरवाला. त्या दिवसापासून तो भाऊंच्या मागेमागे असतो, वहिनींच्या शिव्या मुकाट खातो आणि पाळीला मात्र अजूनही उशिरा येतो.

अर्धी शर्यत झाल्यावर फळ्यांची भिंत आली. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर वरची कड हाताला लागावी इतकी उंच. दोर नाही, खाच नाही. एकाने खाली वाकून पाठ द्यायची, दुसऱ्याने पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून कडेवर जायचं, आणि शेवटच्याला वरच्यांनी हात देऊन ओढून घ्यायचं. मल्हारी वाकायला पुढे झाला तर भाऊंनी त्याला बाजूला केलं. तुम्ही चढा, मी खाली थांबतो म्हणाले. त्यांचा हिशेब साधा होता. पळायचं नाही, चढायचं नाही, नुसतं एका जागी उभं राहायचं. म्हणजे विश्रांतीच झाली की. उभं राहण्यात तर त्यांचा जन्म गेला होता.

मल्हारी वर गेला, स्नेहल गेली. दोघांनी कडेवर पालथं पडून हात खाली सोडले. तेवढ्यात मागून हरसूलकडच्या आश्रमशाळेतल्या तीन शिक्षिका आल्या. त्यांच्यात वाकू शकेल असं कोणी दिसेना. चंदरभाऊ म्हणाले, या ताई, जाऊन घ्या. त्या गेल्या तोवर पुढचा संघ उभा. मग त्याच्या मागचा. भाऊ जागेवर आहेत म्हटल्यावर रांगच लागली. प्रत्येक जण पाठीवर पाय देताना सॉरी काका म्हणायचा आणि भाऊ मान हलवायचे. आणि रांगेत माणूस उभा असताना, दुसरा कोणी वाकायला आलेला नसताना, ते जागा सोडतील कशी?

पण वाकून वजन पेलताना माणूस श्वास धरतो, आणि श्वास धरला की काळजाच्या नाकी नऊ येतात. हे भाऊंच्या ध्यानातच आलं नाही. घड्याळ कोकललं.

आता बघा, सवय म्हणजे काय चीज असते. कारखान्यात मशीन असंच ओरडतं, लाल दिवा लागतो. बारीकसारीक कारण असेल तर ऑपरेटर रीसेटचं बटण दाबतो, हातातला जॉब पुरा करतो आणि मग बघतो. पंचवीस वर्षं चंदरभाऊंच्या बोटाने तेच केलेलं. घड्याळ वाजलं आणि बोट आपसूक गेलं, बटण दाबून आलं. आवाज बंद. पुढचा माणूस चढला. पुन्हा वाजलं, पुन्हा दाबलं. वरून स्नेहल ओरडत होती, पप्पा, हात द्या. भाऊ म्हणाले, एवढे होऊ देत.

दोरीपलीकडे वत्सला स्नेहलचे जुने बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन उभी होती. घड्याळ पहिल्यांदा वाजलं तेव्हा नवरा बसेल म्हणून तिने वाट पाहिली. आवाज थांबला तेव्हा तिला वाटलं, आकडा उतरला. दुसऱ्यांदा वाजून लगेच थांबला आणि तिच्या ध्यानात आलं. घड्याळ गप्प बसलं नव्हतं, ते गप्प केलं जात होतं.

भाऊ खाली मान घालून वाकलेले. त्यांना माणसं दिसत नव्हती, फक्त पाय दिसत होते. चिखलाने भरलेले बूट येत होते आणि पाठीवरून वर जात होते. घाम डोळ्यांत उतरत होता, डावा हात पुन्हा जड वाटत होता. तो खरंच जड होता की नुसती भीती, हे त्यांना कळेना. आणि मग त्यांना हिरव्या साडीचा काठ दिसला, खाली स्नेहलचे जुने बूट. पायांवरून त्यांनी ओळखलं. तिला दिलेला शब्द मोडल्याची त्या क्षणी त्यांना लाज वाटली.

एक स्वयंसेवक शिट्टी फुंकत धावला, बाहेरच्यांना आत येता येत नाही म्हणू लागला. वत्सलाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थोडेच राहिलेत," भाऊ वर न बघता म्हणाले. "कोणी आलं की सोडतो."

"मी आले ना," ती म्हणाली.

भाऊ तसेच वाकलेले. तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसली, कानाशी तोंड नेऊन, हळू आवाजात बोलली. रांगेतल्यांना काही ऐकू गेलं नाही.

"कंपनीत तुमच्या जागेवर दुसरा येतो. इथंही कोणी ना कोणी येईल. माझ्या घरात तुमच्या जागेवर कोण येणार आहे?"

चंदरभाऊंनी पाठ सरळ केली. ते बाजूला झाले आणि भिंतीला पाठ टेकून मातीत बसले.

वत्सलाने पदर कमरेला खोचला आणि त्यांच्या जागी वाकली. माहेर चांदवडचं, पोरवयात कांद्याच्या गोण्या पाठीवरून ट्रकपर्यंत नेलेली बाई ती. पुढचा गडी चढायला बिचकला तर त्याला म्हणाली, चढ बाबा, बूट तेवढे पुसून ये. रांगेतले हसले. स्वयंसेवकाने शिट्टी तोंडातून काढली. तिने वाकूनच नवऱ्याला आकडा विचारला. एकशे बावन्न, त्यांनी खरं ते सांगितलं. पुढचा गेला, तिने पुन्हा विचारलं. एकशे तीस. भाऊंना तिच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती. इतकी वर्षं हिच्यासोबत संसार केला, पण आपल्यापायी हिच्या जिवाला काय घोर लागतो ते त्यांना आज, त्या मातीत बसून कळलं. त्यांचे डोळे भरून आले. हाताचं जडपण कधी गेलं ते समजलंही नाही.

मल्हारी भिंतीला वळसा घालून पळत आला आणि वाकला, तेव्हाच वत्सला उठली. त्याला एवढंच म्हणाली, आजही उशीरच केलास. शर्यतीतून संघ बाद झाला. दोघं नवराबायको दोरीच्या बाहेरून शेवटापर्यंत चालत गेली, बाटलीतलं पाणी आलटून पालटून पीत.

सोमवारी पहिली पाळी संपली आणि मल्हारीचा पत्ता नाही. चंदरभाऊंनी तयार झालेला जॉब मशीनवरून उतरवला, पुढचा चढवला नाही. मशीन बंद केलं, सुपरवायझरला तसं जाऊन सांगितलं आणि हात धुतले. शेजारच्या मशीनवरचा तोंड उघडं टाकून बघत राहिला. गेटबाहेर येऊन भाऊंनी घरी फोन लावला.

"निघालो," ते म्हणाले.

पलीकडे वत्सलाने घड्याळात पाहिलं, पाळी नुकतीच सुटली होती. मग म्हणाली, या, भाकऱ्या टाकते.