आधी चेहरे, मग ॲम्ब्युलन्स

मंडळी, सकाळी डोकं फिरलं होतं, आता शांत झालंय म्हणून लिहिते.

मी परळीत वेबसाइट बनवून देते. घाटनांदूरच्या एका अण्णांनी ॲम्ब्युलन्स सुरू केलीय, तिची वेबसाइट माझ्याकडे आहे. वर ठळक नंबर, त्याखाली फोन लावायचं मोठं लाल बटण आणि बाकी पान मोकळं, असं डिझाइन घेऊन गेले.

अण्णा म्हणाले, "ताई, हे लई रिकामं दिसतंय. सायबांचे फोटो कावून टाकले न्हाईत?"

मग तिथंच बसून सगळ्या नेत्यांचे फोटो टाकले, सोबत अण्णांचाही. कोण मधोमध, कोण कोपऱ्यात, कुणाचा चेहरा केवढा, यात अण्णांची नजर एकदम पक्की. कुणी नाराज व्हायला नको ना!

झाल्यावर मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "समजा, घरात आत्ता कुणाच्या छातीत कळ आली. लावा ॲम्ब्युलन्सला फोन."

अण्णा अंगठ्यानं पान सरकवत राहिले. एक साहेब गेले की दुसरे यायचे. बटण काही येईना.

"सगळे खाली घ्या, ताई," अण्णा हळूच म्हणाले. मग मोबाइल परत देत, "माझा तेवढा वर राहू द्या."

कुणाला मोठं दाखवायचं, हे आपल्याला डिझाइन न शिकताही कळतं. फक्त पान उघडणारा माणूस आपल्या हिशोबात नसतो.

अण्णांचा फोटो मी बटणाच्या खाली ठेवलाय. उद्या आमचं वाजणार, हे नक्की. पण तुम्हीच सांगा, घरातलं माणूस तळमळत असताना तुम्हाला आधी कुणाचं तोंड बघायचं असतं?