ड्रायव्हरमामांची हाक

ओजस आणि रेवा, परवा तुम्ही दोघं फोनवर हसलात. "आजी, आम्ही 'पोचलो' म्हटलं की तूही 'पोचलात' म्हणतेस. ऐकू येत नाही का?" ऐकू येतं. ही सवय आमच्या शेजारच्या ड्रायव्हरमामांची. त्यांना पाहिलेलं माझ्या माहेरी, देवबागात, आता फारसं कुणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

मामा घरी असले की कुठलीही गोष्ट एकदा सांगून संपत नसे. "मागचा दार लावलंय," असं ते मोठ्याने म्हणत आणि चुलीपाशी बसलेल्या मामींनी "लावलात" म्हणेपर्यंत तिथेच उभे राहत.

"बहिरी नाय मी," मामी करवादत.

"ता म्हायत आसा. पण तू ऐकलंस ह्या माका कसा समजतला?"

मामा रेल्वेत वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते, आणि इंजिनातला नियमच तो. समोरच्या लांबलचक बॉयलरमुळे ड्रायव्हरला एका बाजूचं नीट दिसत नाही. म्हणून सिग्नल दिसला की एकाने पुकारायचा, दुसऱ्याने तोच शब्द परत म्हणायचा. उत्तर आलं नाही, तर सांगितलं असं धरायचं नाही.

आमच्या किनाऱ्यावर तेव्हा रेल्वे नव्हती. मामा कोल्हापूर-मिरज पॅसेंजर चालवत, रेल्वेच्या खोलीत झोपत आणि रजा मिळाली तर चतुर्थीला येत. मामी इकडे, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. "मामा खंय?" असं कुणी विचारलं की म्हणत, "इंजिनाक इचारा!" त्यांचा हट्ट एकच होता. नवऱ्याबरोबर एकदा त्याच्या गाडीतून जायचं.

मी कोल्हापुरात कॉलेजला होते तेव्हा तो पुरा झाला. सासूपाशी नणंद राहिली आणि मामी एसटीने आल्या. नवं लुगडं, केसांत अबोली, हातात नवऱ्यासाठी लाडवांचा डबा. सोबतीला मी. गाडी सुटण्याआधी मामा खिडकीशी आले.

"बसलंस?"

"बसलंय."

ते हसले आणि पुढे इंजिनाकडे गेले.

दर स्टेशनात मामी खिडकीतून वाकून पाहत. धूर दिसे, मामा दिसत नसत. वाटेत इंजिन सोडून ड्रायव्हरला येता येत नाही, हे मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. मिरजेला मामा काजळलेलं तोंड पुसत धावत आले.

"बरी चलली मा गाडी?"

"बरी चलली." मग डबा त्यांच्या हातात देत मामी हळूच म्हणाल्या, "तुमी फुडे, मी मागे. माका देवबागातच रवल्यासारख्या वाटला."

मामा डबा धरून नुसते उभे राहिले.

पुढे सासू गेल्या. मामा निवृत्त झाले की एकत्र राहायचं ठरलं होतं, पण त्याच्या आदल्या पावसाळ्यात मामी तापाने गेल्या. निवृत्त झाल्यावर मामा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी, रिकाम्या घरी आले.

तेव्हा मी सुट्टीत घरी होते. तिन्हीसांजेला मामांनी तुळशीपाशी दिवा ठेवला आणि पुकारलं, "दिवो लागलो!" मग ते घराकडे तोंड करून उभे राहिले. समुद्राचा आवाज तेवढा येत होता. ते हलेनात. अखेर मी दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून ओरडले, "लागलो, मामा!"

"कोण ता?"

"मी, शेजारची."

"बरा झाला गो," ते म्हणाले आणि आत गेले.

मी गावी असेपर्यंत रोज मी उत्तर दिलं. मी नसले की आणि माझं लग्न झाल्यावर आईने दिलं, मामा होते तोवर.

त्यांच्या घरात आता पर्यटक उतरतात. तुळस नाही, गडगाही नाही. तुम्ही 'पोचलो' म्हणता आणि मी 'पोचलात' म्हणते, एवढं मात्र अजून आहे.