दुसऱ्या हाताचे आगाऊ

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या इमारतीच्या गच्चीवर गयाबाईंनी नऊ हजार रुपये मोजून ठेवले. हजर होतो ते असे: मी, माझी पत्नी, वरच्या मजल्यावरचा दिलीप, त्याची बायको सुनीता आणि स्वतः गयाबाई. दिलीपचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. दवाखान्याचं बिल साडेचार हजारांचं होतं, ते मी तपासलं होतं. मग नऊ हजार कशाचे, हे कळायला आधी गयाबाई कळायला हव्यात.

नवीन जालन्याच्या टोकाला, एमआयडीसीच्या अलीकडे आमची चार बिऱ्हाडांची इमारत आहे. गयाबाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या वाटूरच्या. नवरा सळयांच्या कारखान्यात होता. तो गेल्यावरही गावी परतल्या नाहीत. धुणं बडवायची त्यांची बाभळीची मोगरी सकाळी सुरू झाली की बाई चादर धुताहेत की कोणाचा जीव घेताहेत, कळायचं नाही. प्रत्येक फटक्याला त्या एकेकाचं नाव घ्यायच्या: नळाला पाणी न सोडणाऱ्याचं, मापात मारणाऱ्या दुकानदाराचं, कधी गेलेल्या नवऱ्याचंही.

"आज कोणाचा नंबर?" मी खिडकीतून विचारायचो.

"तुमचा यायचाय भाऊ. उगं घाई करू नका."

पुण्यात राहणाऱ्या मुलानं त्यांना कपडे वाळवायचं मशीन घ्यायला पैसे पाठवले होते. दुकानाचा माणूस माहिती द्यायला आला, तेव्हा मीही कागद घेऊन बसलो. मशीनची किंमत आणि महिन्याचं वाढीव वीजबिल धरलं तर तारेवर वाळवण्यात वर्षाकाठी बरीच बचत होती, तसं मी सांगितलं. बाईंना माझ्या आकड्यांची गरज नव्हती. "ऊन तुमच्या शेठनं पाडलं का रे?" त्यांनी त्या माणसाला विचारलं. तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मोगरी उचलून नुसती मांडीवर घेतली. तो चहा अर्धा टाकून गेला. पैसे डब्यात गेले.

गच्चीवरची तार त्यांनीच ओढलेली. ती चोरायला एकदा भंगार गोळा करणारा एक माणूस जिन्यानं चढला, तेव्हा बाईंनी त्याच्या अंगावर साबणाचं कढत पाणी ओतलं. तो ओरडत पळाला. मग घरातली मलमाची ट्यूब घेऊन त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि ती त्याला फेकून मारली. "लाव! आन् परत आला तर उकळी फुटंस्तोर थांबीन!"

आमच्याकडे वाळवणाचा शत्रू म्हणजे काजळी. वारा कारखान्यांकडून फिरला की ओल्या कपड्यांवर काळे ठिपके बसतात आणि पुन्हा धुतले तरी पुरते जात नाहीत. म्हणून बाई कठड्याला एक ओलं पांढरं फडकं बांधायच्या. त्यावर पहिला ठिपका दिसला की खालपर्यंत हाक यायची, "काजळी आली! काढा गं!" जो आधी गच्चीवर पोचेल त्यानं सगळ्यांचे कपडे काढायचे, असा आमचा रिवाज.

तो रिवाज दिलीपनं मोडला. तो टेम्पो चालवायचा आणि बायकोला मारायचा. भांडी पडल्याचा आवाज, मग सुनीताचा, मग काहीच नाही, असा त्याचा क्रम इमारतीला पाठ होता. एकदा सगळ्यांचे कपडे काढताना बाईंच्या हाती सुनीताचा ब्लाउज आला. बाही खांद्यापासून उसवलेली आणि धुऊनही न गेलेला रक्ताचा डाग. बाई तो घेऊन थेट दिलीपच्या दारात उभ्या राहिल्या.

"हे कशानं फाटलं?"

"तुम्हाला काय करायचं?" दिलीप म्हणाला. "आजपासून आमच्या कपड्याला कोणी हात लावायचा न्हाई."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द पाळला. मला वाटतं, आयुष्यात त्यांना तेवढ्या एकाच गोष्टीचा पस्तावा झाला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी काजळी आली. बाईंनी हाक दिली. सुनीता पिठाच्या गिरणीत गेली होती. माझ्या पत्नीनं बाकीचे कपडे काढले. दिलीपचे, त्याच्याच हुकमाप्रमाणे, तारेवर राहिले. पांढरा शर्ट ठिपक्यांनी भरला. दिलीप आला, शर्ट पाहिला आणि गिरणीतून परतलेल्या सुनीताला केसांना धरून गच्चीवर ओढत नेलं. पिठाचा डबा जिन्यात सांडला. आरडाओरडा ऐकून मी वर पोचलो, तेव्हा तो ओल्या चादरीला पीळ घालून तिला मारत होता. ओल्या चादरीचा वळ फार उठत नाही, हे त्याला माहीत होतं. सुनीता कठड्याशी मुटकुळं करून पडली होती आणि तिच्या नाकातून रक्त येत होतं.

मी "दिलीप!" म्हणालो. तेवढ्यात माझ्या बाजूनं गयाबाई गेल्या. या वेळी नाव घेतलं नाही. मोगरी एकदाच वर गेली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. कपाशीची वाळकी पळाटी मोडल्यासारखा असतो.

दिलीप पोलिसांत जायला निघाला. "चल," बाई म्हणाल्या. "मी बी येते. पोरीची पाठ बी संगं घेते, जुन्या वळांसकट." मग तो गेला नाही. दवाखान्याचा खर्च मागू लागला. म्हणून रविवारची ती बैठक.

बाईंनी डब्यातले मशीनचे पैसे आणले. साडेचार हजार दिलीपसमोर ठेवले. "हे उजव्या हाताचे. बराबर हायत का, मोज." त्यानं डाव्या हातानं मोजले. मग आणखी साडेचार हजार बाईंनी माझ्या हातात दिले.

"हे कशाचे?" मी विचारलं.

"डाव्या हाताचे. आगाऊ. त्यानं पोरीला पुन्हा हात लावला का मी ह्यो बी मोडीन, तुम्ही बिल भरा. मला मंग धावपळ नको."

कोणी हसलं नाही. सुनीतानं मात्र पहिल्यांदाच मान वर करून नवऱ्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

बाई होत्या तोवर त्या हाताला काही झालं नाही, आणि सुनीतालाही नाही. मे महिन्यात गयाबाई धुणं बडवता बडवताच कोसळल्या. मुलगा आला. मी आगाऊ रक्कम त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "आईनं ज्यासाठी दिले त्यासाठीच ठेवा काका." सामान नेताना त्यानं मोगरी सुनीताला दिली.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी वर भांडी पडली. मग सुनीताचा आवाज आला, आणि त्यानंतर दिलीपचा. हा क्रम नवीन होता. मी जिना चढत असताना सुनीता खाली येत होती. ओठ फुटलेला, हातात मोगरी.

"भाऊ, गयामावशीचे पैसे हायत ना?"

"आहेत."

"मंग चला. डावाच हाये."

तोच दवाखाना, तेच डॉक्टर. बिल चार हजार दोनशे झालं, ते मी भरून पावती घेतली. दिलीप प्लास्टर घेऊन परस्पर भावाकडे गेला, तो अजून आलेला नाही. उरले तीनशे. मोगरीला उभा तडा गेला होता, म्हणून ते सुताराला दिले, नव्या मोगरीचे.